अपडाऊनची गाडी

सकाळी साडेनवाच्या सुमारास गोंदियाच्या फुलचूर नाक्यावर उभे राहिले, तर जिल्ह्याचा निम्मा सरकारी कारभार हेल्मेट घालून शहराबाहेर पडताना दिसतो. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्यसेविका, बँकेतले कॅशियर. राहायला गोंदियात आणि नोकरी गोरेगाव, आमगाव, सडक अर्जुनीच्या खेड्यांत. अपडाऊन करणारी ही मंडळी. नियमाप्रमाणे यांतल्या बऱ्याच जणांनी मुख्यालयी, म्हणजे नोकरीच्या गावीच राहायला हवे, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत सरकारची मजल गेलेली आहे. पण मुलांची शाळा शहरात, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी शहरात, म्हाताऱ्यांचा दवाखाना शहरात. मग रोजचा चाळीस-पन्नास किलोमीटरचा फेरा आपोआपच गळ्यात पडतो.

गोरेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या मॅडम याच रांगेतल्या. त्यांचे नाव इथे देण्यात अर्थ नाही, उगाच अपडाऊनचा लेखी पुरावा व्हायचा.

त्यांची सुरुवातीची बरीच वर्षे रेल्वेच्या पासवर निघाली. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी पॅसेंजर, हिरडामाळीला उतरायचे, तिथून काळीपिवळी किंवा एखाद्या सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळा. मार्च 2020 मध्ये गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. शाळा सुरू झाल्या तरी पॅसेंजर आणि मासिक पास लवकर परतले नाहीत. त्यातून सावरतात तोच 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत ताणला गेला. तेव्हा घरातली पेट्रोलची स्कूटर रोज रस्त्यावर आली. पेट्रोलने शंभरी ओलांडली होती. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी स्कूटर लिटरला पंचेचाळीस देत असेल तर बावीस-तेवीस लिटर लागतात, म्हणजे पगारातले सव्वादोन-अडीच हजार रुपये पंपावरच ठेवायचे. स्टाफरूममध्ये चार्जिंगच्या गाड्यांचा विषय निघू लागला तो या हिशेबामुळे. पर्यावरणाचे नाव तेव्हा कुणी काढले नव्हते, ते नंतर फळ्यावर आले.

पहिला सल्ला घरातूनच मिळाला. मॅडमचे यजमान राइस मिलमध्ये हिशेब पाहतात. तिथल्या मुनीमजींकडे एक छोटी बॅटरीची गाडी होती. रेलटोलीतून निघून मिलपर्यंत यायचे, रात्री परत जायचे, एवढेच तिचे काम. ना पासिंग, ना लायसन्स. कायद्यात अशी तरतूद आहेच: मोटर 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत असेल, तर ते मोटार वाहनच धरले जात नाही. युरोपात पेडलला साहाय्य करणाऱ्या सायकलींसाठीही 250 वॅट आणि 25 किलोमीटर हीच मर्यादा आहे. तिकडे या सायकलींना अनेक ठिकाणी स्वतंत्र मार्गिका मिळते. गोंदिया ते कोहमारा रस्त्यावर मिळतो तो धानाच्या पोत्यांनी लादलेला ट्रक, आणि तोही मागून. मुनीमजींची गाडी एकदा मागून घेऊन मॅडम शहराबाहेरपर्यंत जाऊन आल्या. प्रत्येक वाहन आपल्याला ओलांडून जाते आणि आपण कुणालाच ओलांडू शकत नाही, हे ध्यानात यायला तेवढे पुरे झाले. शिवाय वीस किलोमीटरला पाऊण तासाहून जास्त.

दुकानदाराकडे त्यावरही तोड होती. "मॅडम, एक वायर निकाल देंगे, चालीस पे भागेगी." गोंदियात व्यापार हिंदीत चालतो, आणि आडवाटाही हिंदीतच सुचवल्या जातात. ती वायर काढली की ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि तिला नंबर नाही, विमा नाही. कुणाला धक्का लागला तर नोकरदार माणसाने कोर्टात काय सांगायचे? 2022 मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. मॅडमनी तो नाद तिथेच सोडला. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत एमएच 35 लिहिलेली, पासिंग झालेलीच गाडी घ्यायची, हे ठरले.

पण घेणे लांबले. मार्च 2022 मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीने पेट घेतला आणि बाप-लेकीचा धुराने गुदमरून जीव गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत चार्ज होत असलेली बॅटरी फुटून सात वर्षांचा मुलगा दगावला. घरात वाढत्या वयाची मुले असताना अशा बातमीवर चर्चा होत नाही, विषयच बंद होतो. पुढे बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. एआयएस 156 या मानकातल्या सुधारणा डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या: सेलची तपासणी, पॅकमध्ये पाणी शिरू नये याची काळजी, तापमान वाढले की इशारा. त्यानंतर बनलेलीच गाडी घ्यायची, अशी अट यजमानांनी घातली. अट शहाणपणाची होती, कारण शोरूममध्ये जुना माल सवलतीत खपवला जात होता.

सवलतींची घाईही याच काळातली. केंद्राच्या फेम-2 योजनेत जून 2021 पासून बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे 15 हजार रुपये अनुदान होते, किमतीच्या 40 टक्क्यांपर्यंत. 1 जून 2023 पासून ते 10 हजारांवर आणि 15 टक्क्यांवर आले. त्याआधीच्या मे महिन्यात देशभर लोकांनी एका महिन्यात लाखाहून जास्त इलेक्ट्रिक दुचाक्या उचलल्या. गोंदियातही शोरूमवाल्यांचे फोनवर फोन येत होते. मॅडम गेल्या नाहीत. लग्नाच्या हंगामात घाईने घेतलेल्या साडीची घडी पुन्हा मोडली जात नाही, असे त्यांचे म्हणणे. गाडी तर लाखाची.

थांबल्याने एक चांगले झाले. ज्यांनी आधी घेतल्या होत्या त्यांचे अनुभव हाती आले, आणि अपडाऊनवाल्यांइतकी मोकळेपणाने माहिती देणारी माणसे दुसरीकडे मिळत नाहीत. एका सरांची गाडी शोरूमच्या कागदावर एका चार्जमध्ये 120 किलोमीटर जायची, रस्त्यावर ती ऐंशी-पंच्याऐंशी देत होती. यात फसवणूक म्हणावी असे काही नसते. कागदावरचा आकडा ठरावीक चाचणीतून येतो. तिथे ना कोहमाऱ्याकडून येणारा समोरचा वारा, ना मागे बसलेली सहकारी, ना वह्यांची पिशवी. अशी गाडी किलोमीटरला साधारण 30 ते 35 वॅट-तास खाते, असा मॅडमनी चार-पाच जणांना विचारून अंदाज बांधला. म्हणजे 2 किलोवॅट-तासाच्या बॅटरीत साठेक किलोमीटर, तीनच्या बॅटरीत नव्वदच्या आसपास. रोजचा फेरा चाळीसचा. मग दोनची पुरेल की!

पुरली असती, शिक्षकाला फक्त शाळाच असती तर. शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद असते, पंचायत समितीत प्रशिक्षण असते, मतदार यादीचे बीएलओचे काम असते. 2024 हे तर निवडणुकीचेच वर्ष: 19 एप्रिलला भंडारा-गोंदिया लोकसभेचे मतदान, 20 नोव्हेंबरला विधानसभेचे. अशा दिवसांत चाळीसचे पासष्ट कधी होतात ते कळत नाही.

शाळेत चार्ज करू, असे एका तरुण सरांनी सुचवले होते. मुख्याध्यापकांनी हसून विचारले, "आणि पाहणीला साहेब आले, तर बाप्पा काय सांगता? मुख्यालयी राहणाऱ्याची गाडी रोज इथं कायले चार्ज होते म्हणून?" विषय हसण्यावारी गेला, पण मुद्दा पक्का होता. शाळेची वीज सरकारी, बिल भरायलाच मारामार, आणि भिंतीतून लोंबणारी वायर म्हणजे आयतीच तक्रार. तेव्हा घरून भरून निघायचे आणि घरीच येऊन लावायचे. याच एका गोष्टीने बॅटरीचा आकार ठरला: तीनच्या आसपास.

मग प्रश्न आला घरच्या प्लगचा, आणि या कथेत सर्वांत जास्त वेळ गेला तो इथे.

मॅडम भाड्याच्या घरात पहिल्या मजल्यावर राहतात. गाडी खाली. खालच्या बल्बची लाइन घरमालकांच्या मीटरवर. घरमालक काका सज्जन, सबमीटर बसवायला तयार होते. पण त्यांच्या घरात दोन कूलर आणि बोअरची मोटर, बिल उन्हाळ्यात तीनशे युनिटांच्या वर. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, शंभरानंतर जवळपास दुप्पट, तीनशेनंतर आणखी वर. काकांच्या मीटरवर गाडी लावली तर उन्हाळ्यात तिचे प्रत्येक युनिट तीनशेच्या वरच्या टप्प्यात जाणार. मॅडमचे स्वतःचे मीटर हिवाळ्यात शंभराच्या आत असायचे. म्हणून वरून स्वतःच्या मीटरमधून केबल खाली उतरवायची ठरली. हा विचार शोरूममध्ये कुणी सांगत नाही. तिथे 'फक्त पंचवीस पैशांत किलोमीटर' असा फलक असतो, आणि तो कुठल्या टप्प्याच्या दराने काढला, हे विचारणारे गिऱ्हाईक क्वचितच येते.

वायरमन आला. त्याने खिशातून होल्डर काढला, त्याला दोन मोकळ्या वायरी आणि शंभर वॅटचा पिवळा बल्ब. एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला: बल्ब लख्ख. मग दुसरी वायर न्यूट्रलवरून काढून अर्थिंगच्या भोकात: बल्बमधली तार तेवढी लालसर झाली, बस. "मॅडम, तुमच्या घरात अर्थिंग फक्त प्लगच्या भोकापुरती हाये." जुन्या घरांत हे सर्रास असते. फ्रिज, मिक्सर चालतात, अधूनमधून मुंग्या येतात, कुणाचे काही अडत नाही. बॅटरीच्या गाड्यांचे बरेचसे चार्जर मात्र अर्थिंग मिळाले नाही की चालूच होत नाहीत, लाल दिवा दाखवून बसतात. काकांच्या परवानगीने कंपाउंडच्या भिंतीलगत खड्डा खणला, पाइप पुरला, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी घातले, वर पाणी ओतायला नरसाळे ठेवले. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी घालायचे. पुन्हा बल्ब लावला तेव्हा तो न्यूट्रलवर पेटला तसाच पेटला.

प्लग जिन्याखाली बसवायचा वायरमनचा विचार होता, पावसापासून आडोसा म्हणून. मॅडमनी तो भिंतीकडे न्यायला लावला, वर पत्र्याचे छोटे छप्पर घालून. वेल्लोरची बातमी त्यांच्या डोक्यातून गेलेली नव्हती. वरून खाली यायला तो एकच जिना, रात्री त्याच्याच तोंडाशी काही पेटले तर माणसे उतरणार कुठून? या एका बदलाने केबल लांबली आणि खर्च थोडा वाढला.

प्लग ठरला, बॅटरी ठरली, आता गाडी. इथे मॅडमनी उलटी वाट धरली. शोरूमला जाण्याआधी त्या शाळेच्या वाटेवरच्या पंक्चरवाल्याकडे थांबल्या. कुठल्या गाडीचे मागचे चाक तू काढतोस आणि कुठली परत पाठवतोस, एवढेच त्याला विचारले. तो मोकळेपणाने बोलला. काही गाड्यांची मोटर मागच्या चाकाच्या पोटातच असते. चाक काढायचे म्हणजे मोटरची जाड वायर सोडवायची, आणि ती परत लावताना पिन वाकली तर नुकसान कुणी भरायचे? टायर ट्यूबलेस असेल तर चाक काढावे लागत नाही, बाहेरूनच चिकट दोरी खुपसून काम होते. ट्यूबवाली आणि चाकात मोटर असलेली, अशी जोडी असेल तर तो हात जोडतो. या एका मुलाखतीत दोन मॉडेल गळाली. मोठ्या चाकाची गाडी खड्ड्यात कमी आपटते, हेही त्यानेच सांगितले.

मोठ्या चाकांवरून स्टाफरूममध्ये लुनाच्या आठवणी निघाल्या. 1972 मध्ये कायनेटिकने लुना आणली, आणि पुढे दोन-तीन दशके विदर्भातल्या गुरुजींचे आणि पोस्टमनचे ते हक्काचे वाहन होते. फेब्रुवारी 2024 मध्ये तीच ई-लुना होऊन परतली: सोळा इंची चाके, 2 किलोवॅट-तासाची बॅटरी, ताशी 50 चा वेग, 110 किलोमीटरचा दावा, किंमत 70 हजारांच्या आत. शाळेच्या जवळच्या गावातून येणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या एका सरांना ती जागच्या जागी आवडली. पाय ठेवायच्या जागेत धानाचे पोते बसते, हे त्यांचे मुख्य कारण. मॅडमना मोठ्या बॅटरीची, थोडी वेगवान स्कूटर हवी होती. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते.

सर्व्हिस सेंटरबाबत मात्र तडजोड झाली. जिल्ह्यात आठ तालुके, पण बॅटरीच्या गाडीचा जाणकार मिस्त्री शोधायचा तर गोंदिया शहरच, आणि एखादा सुटा भाग नागपूरहून येईपर्यंत वाट पाहणे आले. ज्या कंपनीची माणसे शहरात टिकून आहेत, एवढ्या एका निकषावर शेवटची दोन नावे उरली. त्यांतली जिची बॅटरी जास्त वर्षांच्या वॉरंटीची, ती घेतली. पैसे शिक्षकांच्या पतसंस्थेतून. इलेक्ट्रिक वाहनाच्या कर्जावरच्या व्याजाला आयकरात दीड लाखापर्यंत सूट देणारे 80 ईईबी कलम होते, पण ते 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच लागू. शिक्षकाला गेलेल्या सवलतीची हळहळ असतेच, ती याही घरात काही दिवस होती. ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतले दर किलोवॅट-तासामागचे 5 हजार, गाडीमागे जास्तीत जास्त 10 हजार, तेवढे मिळाले.

गाडी आल्यावर मॅडमनी एक महिना चार्जिंगआधी आणि नंतर मीटर पाहून आकडे कालनिर्णयच्या चौकटीत लिहिले. महिन्याला चाळीसेक युनिट. बॅटरीत जेवढे जाते त्याहून भिंतीतून थोडे जास्त घेतले जाते, चार्जर गरम होतो तो उगाच नाही. शंभरानंतरच्या दराने धरले तरी पाचशे रुपयांच्या आसपास. पेट्रोलचे सव्वादोन-अडीच हजार आणि हे पाचशे, फरक यजमानांनी स्वतःच्या हाताने मांडून पाहिला आणि मग ते गप्प झाले.

रस्त्याने मात्र आपले धडे दिले. रोवणीच्या दिवसांत केजव्हील लावलेले ट्रॅक्टर बांधीतून निघून डांबरावर येतात आणि चिखलाची ढेकळे सांडत जातात. पेट्रोलची स्कूटर मूठ पिळल्यावर हळूहळू ओढ घेते. ही गाडी क्षणात घेते, आणि ओल्या चिखलावर मागचे चाक सटकते. पावसाळाभर मॅडम कमी ताकदीच्या इको मोडवर चालवतात, जोर कमी आणि किलोमीटर जास्त. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचे, हा नियम पेट्रोलच्या गाडीइतकाच इथेही पाळायचा. बॅटरीवर आयपी 67 लिहिलेले असते, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी झालेली असते. ती चाचणी साठलेल्या पाण्यातली, आणि नाल्याचे पाणी वाहते असते. गाडी वाचेल, माणसाची चाचणी कुणी घेतलेली नाही.

थंडीत गोंदियाच्या पाऱ्याला विदर्भात सर्वांत खाली जायची खोड आहे. आठ-नऊ अंशांच्या सकाळी बॅटरी चार-सहा किलोमीटर कमी देते, एवढेच. खरी काळजी उन्हाळ्याची. मे महिन्यात 45 अंशांच्या दुपारी तापून आलेली गाडी लगेच लावायची नाही, थंड होऊ द्यायची, रात्री लावायची. तशीही मॅडमची गाडी तेव्हा धावतच नाही. विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. सुट्टीत गाडी शंभर टक्के भरून उन्हात उभी ठेवली तर लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून ती निम्मी भरलेली, सावलीत, आणि अधूनमधून बाजारापर्यंत फिरवून आणलेली बरी. मुनीमजींच्या गाडीत शिसे-आम्लाची बॅटरी आहे. तिचे नेमके उलटे, ती भरलेलीच ठेवावी लागते, नाहीतर सुट्टीनंतर उठतच नाही. मॅडमची आणि त्यांची एकदा यावरून जुंपली होती, आणि दोघेही आपापल्या बॅटरीपुरते खरे बोलत होते.

आता विचारणा दुसऱ्यांकडून होते. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्यापासून पुढची शाळा कुठली, याचा भरवसा कमी झाला आहे. मॅडमची एक मैत्रीण बदलीत सालेकसा तालुक्यात, अवघड क्षेत्रातल्या शाळेत गेली. एका बाजूचेच अंतर चाळीसच्या वर. तीही हीच गाडी घेणार होती. मॅडमनी तिच्यासोबत बसून रोजचा फेरा, घाटाकडचा चढ आणि वाटेत कुठेच नसलेले चार्जिंग, सगळे मांडले. मैत्रिणीने शेवटी घर ते गोंदिया स्टेशनपुरती स्वस्तातली छोटी गाडी घेतली. ती स्टेशनच्या स्टँडवर लावते, लोकलने सालेकशाला उतरते, आणि तिथे शाळेपर्यंत जायला नवऱ्याची जुनी पेट्रोलची मोटारसायकल ठेवली आहे.